कोरड्या भांड्याचा दाखला

पाऊस मोजायचं काम मी अकरा वर्षं केलं, आणि त्यातली पहिली तीन वर्षं पाऊस पडलाच नाही. अगदीच नाही म्हटलं तर पाप लागेल. पडला, पण न्हालेल्या कोंबडीनं अंग झाडावं तेवढा. त्यामुळं माझ्या कामाबद्दल लिहा असं या अंकाच्या संपादक बाईंनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, की बाई, तीन वर्षं मी नुसती शून्यं लिहीत होते, त्याचं काय लिहू? त्या म्हणाल्या, तेच लिहा. तर आता घ्या.

माझं माहेर उंब्रजचं. नदी दाराशी, त्यामुळं पाणी ही काही जपायची वस्तू असते हे मला लग्न होईतोवर ठाऊक नव्हतं. आम्ही पोरी घागर विसळायला दुसरी घागर ओतायचो. अशी मुलगी वडिलांनी दुष्काळी माणात दिली. दहिवडीच्याही पलीकडं, जिथं पाहुणा आला तर आधी गूळ देतात आणि पाण्याचं नाव जरा उशिरानं काढतात. पहिल्याच दिवशी मी तांब्यात उरलेलं घोटभर पाणी अंगणात फेकलं. शेजारची म्हातारी त्या ओल्या डागाकडं कुणी मेल्यासारखी बघत राहिली. तेव्हापासून माझं नाव पडलं 'सांडणारी उंब्रजकरीण'. पुढं जे घडलं त्याचं मूळ त्या घोटभर पाण्यात आहे, म्हणून सांगून ठेवते.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, गावाजवळच्या सरकारी तलावावर चौकीदार होते. माझे मालक, म्हणजे नवरा, लढाईवर गेलेले, कुठं तरी वाळवंटात. पत्रात लिहायचे, 'इथं सगळं आपल्या माणासारखंच आहे, फक्त उंट जास्त.' मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तलावाच्या चौकीदाराला तलाव दिसत नव्हता, आणि तलावात पाणी नसल्यामुळं त्यांचं फारसं अडतही नव्हतं. अडायचं ते पाऊस मोजायला. म्हणून ते काम मी करायचे आणि कागदावर अंगठा मामंजींचा उठायचा. वरच्या कचेरीत कुणाला पत्ता नव्हता. अंगठ्याला कुठं डोळे लागतात?

आता पाऊस मोजतात कसा ते सांगते, कारण लोकांना वाटतं त्यात काही विद्या आहे. जस्ताचं एक नळकांडं जमिनीत पक्कं बसवलेलं, वर पितळी काठाचं नरसाळं, आत बाटली. भोवती तारेचं कुंपण. रोज सकाळी आठ वाजता बाटली काढायची, त्यातलं पाणी रेघा मारलेल्या काचेच्या मापात ओतायचं, आणि किती इंच, किती सेंट ते तक्त्यात लिहायचं. शंभर सेंटचा एक इंच. झालं. नसलं पाणी, तर शून्य लिहायचं. जागा रिकामी सोडायची नाही, ही मामंजींची सक्त ताकीद. "रिकामं म्हंजे आपुन बघाय गेलोच न्हाई. शून्य म्हंजे गेलो, बघितलं, न्हवतं."

मी शाळेत गेलेली नाही. आकडे शिकले ते त्या काचेच्या मापावरून आणि अक्षरं जुन्या तक्त्यांवरून. सगळं जग एकापासून शिकतं, मी शून्यापासून शिकले. तीन वर्षांत माझं शून्य असं गोल झालं होतं, की मास्तर बघायला आले होते.

गावाला मात्र ते भांडं साधं वाटत नसे. सरकारनं एवढी तार लावून ठेवलंय म्हणजे त्यात काही तरी असणार. बायका येता-जाता हळद-कुंकू लावायच्या. आणि आमचे ज्योतीआबा! आबा म्हणजे धनगरवाड्यातले कर्ते, मेंढरांचे मोठे कळप, शब्दाला गावात वजन. त्यांचं म्हणणं असं, की पाऊस त्या भांड्याच्या ओढीनं येतो.

एका सकाळी आभाळ घासलेल्या परातीसारखं स्वच्छ, आणि बाटलीत बावीस सेंट पाणी! मी भांडं बघते, आभाळ बघते. कुंपणाबाहेर आबा उभे. हातात रिकामा तांब्या.

"लिवलंस का?" आबा म्हणाले.

"आबा, ह्ये तुमी वतलंय."

"मी कुठं न्हाई म्हंतोय? आभाळाला आठवन करून द्यावी लागती. कागूद वर गेला, की वरच्यास्नी कळंल, हितं पडतोय. मग त्यो बी पडंल."

"आवं, कागद कचेरीत जातो, देवाकडं न्हाई."

"दोन्ही वरच हायेत की!"

मी मामंजींना विचारलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, शून्य लिही आणि पाणी वासराला पाज. मी तसं केलं. आबा चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच्या पिण्यातलं पाणी ओतलं होतं हो. आज वाटतं, बावीस सेंट लिहिले असते तर कुणाचं काय गेलं असतं?

कचेरीतून पहिलं पत्र आलं ते दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. मी हिज्जे करत करत वाचलं. 'आपल्या केंद्रावरून सातत्याने शून्य अशी नोंद येत आहे. यंत्र बंद आहे काय? खुलासा करावा.' मी उलट टपाली लिहिलं, 'यंत्र चालू आहे. आभाळ बंद आहे.' मामंजींनी अंगठा केला. पुन्हा पत्र आलं, 'आभाळ बंद असल्याबाबत पुरावा जोडावा.' काय जोडू? मी मागच्या महिन्याचा तक्ता पुन्हा पाठवला, तीस शून्यं, ओळीनं. त्यावर बरेच दिवस काही आलं नाही. आणि मग तिसऱ्या भाद्रपदात हुकूम आला, की ज्याअर्थी या ठिकाणी पाऊस पडत नाही, त्याअर्थी यंत्र इथून काढून जिथं पाऊस पडतो अशा ठिकाणी न्यावं.

तो हुकूम घेऊन गणपतराव शिपाई आले. चांगले होते बिचारे. खाकी डगला, काखेत दप्तर आणि हातात छत्री. तीन वर्षांत आमच्या गावात आलेली ती पहिली छत्री. दोघा-तिघांनी ती उघडून मिटून बघितली. गणपतराव जेवले, झोपले, आणि सकाळी उठून बघतात तो आभाळ पूर्वेकडनं काळं.

आमच्याकडं पाऊस पूर्वेकडनं येतो. पश्चिमेचा पाऊस सह्याद्रीवर, महाबळेश्वर-पाटणकडं रिकामा होतो. आम्हाला त्याचे पांढरे ढग नुसते वरातीसारखे बघायचे. आमचा खरा पाऊस तिकडं दूर बंगालच्या समुद्रात वादळ उठलं, की त्याचा. ते जमिनीवर चढतं, मैलोगणती चालत येतं, वाटेत त्याचा वारा संपतो आणि पाऊस तेवढा उरतो. आलं तर वर्षाचं सगळं एका दमात, नाही तर काहीच नाही. हे मला पुष्कळ उशिरा कुणी समजावलं. तेव्हा मामंजी एवढंच म्हणाले, "पोरी, वारा पडलाय आनि मुंग्या घरात आल्यात. छपराखाली वैरन घे."

गणपतराव टिकाव घेऊन अंगणात उभे. पहिला थेंब पडला. त्यांनी दप्तरातून नियमांचा कागद काढला. "बाई, यंत्र कोरडं असतानाच काढावं असं कलम आहे."

"मग थांबा की वाळूस्तवर."

ते थांबले. दोन दिवस थांबले.

पहिला दिवसभर नुसतं कोसळलं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी बघते तर बाटली भरून नळकांड्यात पाणी उतरलेलं. चार इंच ऐंशी सेंट! चार आणि आठ हे आकडे मी पहिल्यांदाच लिहीत होते. आठ उलटा पडला. पाऊस सुरूच. तलावाच्या तळाला मेंढरू अडकेल अशा भेगा होत्या. त्या बुजल्या, मग चिखल दिसेनासा झाला, मग बाभळी कमरेपर्यंत बुडाल्या. मामंजी दारात बसून ऐकत होते. "आलं गं आलं," म्हणत होते, आणि त्यांच्या त्या पांढऱ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. गावात लोक एकमेकांना गुळाचा खडा देत होते.

आता धरण म्हणजे काय तेवढं सांगते, मग पुढं जाऊ. आमचं धरण मातीचं. जुन्या दुष्काळात लोकांनी पाट्या वाहून केलेलं. आबांच्या आईनंसुद्धा त्यावर माती वाहिली होती. लांबलचक भराव पाणी अडवतो. पायथ्याची मोरी पाटाला पाणी देते. आणि एका टोकाला, खडकात, दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी जातील एवढा सांडवा. भरावापेक्षा पुरुषभर खाली. तलाव भरला, की जास्तीचं पाणी तिथनं आपोआप ओढ्याला जातं. जायलाच पाहिजे. मातीच्या भरावावरून पाणी एकदा का वाहिलं, की मिठाच्या खड्यासारखा भराव जातो, आणि त्याखाली आमचं गाव.

दुपारी पाणी सांडव्याला टेकलं. पातळ पापुद्रा उंबऱ्यावरून ओढ्यात पडू लागला. तो बघायला गाव गोळा झालं. आणि तीन वर्षं तांब्या-तांब्यानं जगलेल्या माणसांनी पाणी वाया जाताना बघितलं. मला अंगणातला तो ओला डाग आठवला.

कुणी तरी पहिला धोंडा ठेवला. मग काय! धोंडे आले, बाभळीच्या काटेरी फांद्या आल्या, गाडीची चाकं आली. दळायची जाती आली, शाळेचा फळा आला. मास्तर स्वतः धरून होते. कुणाची तरी बाज आली. म्हसोबाच्या देवळाचं दार बिजागऱ्यांसकट काढून मधोमध उभं केलं आणि त्याला गाडीचं जू आडवं टेकवलं. आबांनी वर्षाची कातरलेली लोकर सहा पोत्यांत भरून फटींत दाबली. वर चिखल थापला. बघता बघता हातभर बांध झाला. पाणी त्याला भिडलं, की अजून हातभर. गाव सगळं सांडव्यावर, गुडघाभर पाण्यात, पावसात, हसतंय, ओरडतंय. लग्नातसुद्धा मी माणसं एवढी खूष बघितली नाहीत.

मी मामंजींना सांगितलं. ते उठले, जोडा काढला आणि म्हणाले, "भरावावर ने मला." अनवाणी पायांनी ते भरावाच्या खालच्या अंगाला हळूहळू चालले. मधोमध आल्यावर उभे राहिले. पुन्हा दोन पावलं मागं गेले.

"हितं पाय जातोय," म्हणाले. "पाठ मऊ झालीया. वर किती राहिलंय?"

"दीड हात."

"आनि पाऊस?"

"हाय तसाच."

"मग दिस मावळायच्या आत सांडवा मोकळा कर. न्हाई तर रातच्याला गाव न्हाई."

मी धावत सांडव्यावर गेले. आबा बांधावरच बसले होते, डोईला घोंगडीची खोळ, अंगाखाली त्यांच्याच लोकरीचं पोतं.

"आबा, काढा ह्ये समदं. भराव पाझरतोय."

"कोन म्हंतंय?"

"मामंजी."

"त्या आंधळ्याला कवा दिसलं?"

"पायानं दिसलं. आवं, तांब्यात शेरभर मावतं, दीड शेर वतलं तर..."

"तर ताट खाली धरावं! सांडू द्यावं असं उंब्रजात शिकिवत्यात." सगळे हसले. आबा मात्र हसत नव्हते. "पोरी, तीन वर्सांत माझी दीडशे मेंढरं मेली. पान्याबिगर कसं मरत्यात बघितलंस? मान टाकत न्हाईत. बघत राहत्यात. एक थेंब सोडनार न्हाई मी. न्हेऊ दे मला बी वाहून."

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांनी फळ्याकडं बघितलं. मी परत फिरले.

घरी गणपतराव चुलीपाशी बसलेले. छप्पर गळत होतं म्हणून घरातच छत्री उघडून. त्यांना बघितलं आणि माझ्या डोक्यात जे आलं ते देवानं घातलं की सैतानानं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"गणपतराव, तुमचा हुकूम काय हो?"

"यंत्र काढून नेणे."

"मग काढा."

"या पावसात? बाई, ते ओलं आहे. कलम आहे."

"कोरडं हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बाहेर पन्हाळीचा पाणलोट हंड्यात धडधडत होता. मी तक्त्याचा कागद घेतला आणि लिहिलं, 'आज रोजी यंत्र तपासले. यंत्र पूर्ण कोरडे आहे. नेण्यास हरकत नाही.' मामंजी भिजून चिंब दारात आले होते. त्यांना वाचून दाखवलं. ते मग हसले, असे हसले की त्यांना ठसका लागला. आणि त्यांनी अंगठा केला. अंगठा ओला होता. शाई पसरली. नेहमीपेक्षा दुप्पट मोठा उठला.

गणपतरावांनी तो दाखला दोनदा वाचला, घडी केली, दप्तरात ठेवला. सरकारी माणसाला कागद मिळाला, की त्याचं मन शांत होतं. टिकाव उचलून ते कुंपणाकडं गेले, छत्रीसकट.

मी सांडव्याच्या वरच्या टेकाडावर उभी राहून बोंब ठोकली, "आवं पळा! सरकारचा मानूस पावसाचं भांडं उपटून न्यायला लागलाय!"

पहिले उठले आबा. सत्तरीचा म्हातारा, पण असा धावला! मागनं सगळं गाव. भांडं गेलं, की पाऊस गेला, यात कुणाला शंकाच नव्हती. तीन वर्षं मी ज्याला खुळेपणा म्हणत होते, त्याच्याच आधारावर मी त्यांना तिथनं उठवलं. याची टोचणी मला आजही आहे. नाही असं नाही.

सांडवा रिकामा झाला. माझ्याबरोबर आलेल्या मामंजींनी मोटेचा दोर माझ्या कमरेला बांधला, दुसरं टोक चिंचेच्या बुंध्याला दोन वेढे देऊन हातात धरलं. "मला दिसत न्हाई," म्हणाले, "तवा तू वरडत राहा. गप बसलीस की मी वडनार." मग मी ओरडत ओरडतच उतरले. काय ओरडू सुचेना, म्हणून आकडे म्हणत राहिले. एक, दोन, तीन. दाराला टेकवलेलं जू पाण्याच्या दाबानं असं घट्ट बसलेलं, की हलेना. तिथंच पडलेल्या फावड्याच्या दांड्यानं खालनं उचकटलं. सतरा म्हटलं आणि जू निघालं.

पुढचं मी नीट बघितलं नाही, कारण पाण्याखाली होते. अठरा ऐकू आलं नाही म्हणून मामंजींनी ओढलं. खडकावरून खरवडत वर आले आणि बघितलं, तर म्हसोबाचं दार ओढ्यातनं होडीसारखं चाललेलं. त्यामागं बाज, तिच्यामागं शाळेचा फळा, आणि मग एकामागनं एक आबांच्या लोकरीची सहा पोती. सांडव्यातनं पाणी असं गरजत निघालं, की मामंजींनी हात जोडले. दिवे लागायच्या आत पाणी भरावापासून दोन हात उतरलं.

तिकडं भांड्यापाशी काय झालं ते ऐकलेलं सांगते. लोकांनी तार तोडली, गणपतरावांना उचलून बाजूला ठेवलं. मारलं नाही, नुसतं ठेवलं. छत्रीच्या काड्या मात्र झाल्या. आबांनी भांड्याला मिठी मारली. ओढाओढीत बाटली फुटली, काचेचं माप तुडवलं गेलं. मी पोचले तेव्हा आबा चिखलात बसलेले, मांडीवर पितळी नरसाळं. त्यांनी ओढ्याचा आवाज ऐकला आणि सगळं ओळखलं. माझ्याकडं बघितलं, खरचटलेल्या हातांकडं बघितलं, नरसाळं खाली ठेवलं आणि उठून गेले.

लोकर गेल्यामुळं त्या थंडीत त्यांच्या घरात नवी घोंगडी विणली गेली नाही. मी माझी नेऊन दिली. ती त्यांनी कोकराखाली अंथरली.

माझ्या हयातीतला सगळ्यांत मोठा पाऊस असा मोजायचा राहिला. तक्त्यात त्या चार इंच ऐंशी सेंटच्या पुढची जागा रिकामी आहे. अंगणातलं उखळ तीनदा भरलं, एवढं मी सांगू शकते. पण कचेरीला उखळ चालत नाही. महिन्यानं पत्र आलं. 'आपल्या दाखल्यानुसार सदर दिवशी यंत्र पूर्ण कोरडे होते, सबब पाऊस झालेला नाही. तरी तलाव भरल्याचे समजते. तलावात आलेले पाणी कोठून आले, याचा खुलासा करावा.'

मी ते पत्र घेऊन भरावावर बसले. आबा मेंढरं पाण्यावर घेऊन आले होते. सगळी मेंढरं ओळीनं माना खाली घालून पीत होती. मी मोठ्यानं पत्र वाचलं, कुणाला असं नाही, तलावाला वाचून दाखवावं तसं.

आबा मेंढरांकडं बघतच बोलले. "लिव. आभाळातनं आलं."

"पुरावा मागतील."

"मग ये म्हनावं आनि पी म्हनावं."

मी तसंच लिहिलं. 'येऊन पिऊन पाहावे.' पुढं थंडीत नवं यंत्र आलं. गणपतरावच घेऊन आले, या खेपेला बिनछत्रीचे. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी कुंपणात गेले, तर बाहेर आबा. तांब्या नव्हता हातात.

"किती?"

"शून्य, आबा."

ते तलावाकडं वळून उभे राहिले. पाणी पार बाभळींपर्यंत होतं, त्यावर ऊन पडलेलं.

"आसू दे," म्हणाले. "गडबड न्हाई."